वर्ग आणि बचाव: टायटॅनिकच्या आकड्यांवर काय-वर्ग कसोटी

१४ एप्रिल १९१२ च्या रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी टायटॅनिक हे जहाज उत्तर अटलांटिक महासागरात हिमनगाला धडकले आणि उत्तररात्री २ वाजून २० मिनिटांनी बुडाले. ब्रिटनमध्ये या दुर्घटनेची चौकशी लॉर्ड मर्सी यांच्या अध्यक्षतेखाली झाली. ३० जुलै १९१२ च्या त्यांच्या अहवालात जहाजावरील माणसांची वर्गवार, लिंगवार आणि वयवार मोजदाद दिलेली आहे. संख्याशास्त्राच्या वर्गात हे आकडे वारंवार वापरले जातात, पण बहुतेक वेळा 'संबंध सिद्ध झाला' एवढे म्हणून पुढचे पान उलटले जाते. या आकड्यांत शिकण्यासारखे जे आहे ते त्या वाक्यानंतर सुरू होते, असे माझे मत आहे, आणि म्हणून हे एकच प्रकरण येथे काय-वर्ग कसोटीने (chi-square test, म्हणजे दोन वर्गीकरणांत संबंध आहे का हे तपासण्याची रीत) शेवटपर्यंत तपासले आहे.

अहवालातील मूळ मोजदाद अशी:

| वर्ग | वाचले | मृत | एकूण | वाचल्याचे प्रमाण |
|---|---|---|---|---|
| पहिला वर्ग | २०३ | १२२ | ३२५ | ६२.५% |
| दुसरा वर्ग | ११८ | १६७ | २८५ | ४१.४% |
| तिसरा वर्ग | १७८ | ५२८ | ७०६ | २५.२% |
| कर्मचारी | २१२ | ६७३ | ८८५ | २४.०% |
| एकूण | ७११ | १,४९० | २,२०१ | ३२.३% |

येथे दोन वर्गीय चले, म्हणजे माणसागणिक बदलणाऱ्या गोष्टी, आहेत. माणूस जहाजावर कोणत्या गटात होता हे पहिले, आणि तो वाचला की नाही हे दुसरे. दोन्हींची किंमत संख्येत नसून गटाच्या नावात आहे, म्हणून सरासरी काढण्याचा किंवा सहसंबंध गुणक काढण्याचा मार्ग बंद आहे. हाती आहेत त्या फक्त आठ घरांतील संख्या. प्रश्न असा, की माणसाचा गट माहीत झाल्याने त्याच्या वाचण्याबद्दलचा आपला अंदाज बदलतो का? गट आणि बचाव ही दोन चले परस्परांपासून स्वतंत्र आहेत, म्हणजे अंदाज बदलत नाही, ही आपली शून्य परिकल्पना.

तिचा अर्थ नेमका समजण्यासाठी एक चित्र डोळ्यांसमोर आणावे. एका मोठ्या पेटीत २,२०१ चिठ्ठ्या आहेत, त्यांपैकी ७११ वर 'वाचला' आणि १,४९० वर 'मृत' असे लिहिले आहे. पेटी नीट ढवळून पहिल्या वर्गाच्या ३२५ जणांना, मग दुसऱ्या वर्गाच्या २८५ जणांना, अशा क्रमाने डोळे मिटून चिठ्ठ्या वाटल्या. अशा वाटपात प्रत्येक गटाच्या वाट्याला 'वाचला'च्या चिठ्ठ्या साधारण ३२.३ टक्केच येतील, थोडा कमीजास्तपणा सोडला तर. प्रत्यक्ष तक्ता या आंधळ्या वाटपाचा नमुना म्हणून खपेल का, एवढेच काय-वर्ग कसोटी विचारते.

आंधळ्या वाटपात प्रत्येक घरात किती माणसे यायला हवी होती ती संख्या म्हणजे अपेक्षित वारंवारिता. आडव्या ओळीची बेरीज आणि उभ्या स्तंभाची बेरीज यांचा गुणाकार करून त्याला एकूण संख्येने भागायचे. पहिल्या वर्गातील वाचलेल्यांसाठी ३२५ गुणिले ७११ भागिले २,२०१ म्हणजे १०४.९९. प्रत्यक्षात वाचले २०३, म्हणजे ९८ जण अधिक. याच रीतीने दुसऱ्या वर्गात ९२.०७ अपेक्षित असताना ११८ वाचले, तिसऱ्या वर्गात २२८.०६ अपेक्षित असताना १७८, आणि कर्मचाऱ्यांत २८५.८९ अपेक्षित असताना २१२. मृतांच्या स्तंभातील फरक आकाराने तितकेच आणि चिन्हाने उलट येतात, कारण ओळींच्या बेरजा ठरलेल्या आहेत.

आता प्रत्येक घरातील फरकाचा वर्ग करून (फरकाला त्यानेच गुणून) त्याला त्याच घराच्या अपेक्षित वारंवारितेने भागायचे आणि आठही भागाकार मिळवायचे. भागण्याचे कारण साधे आहे: जेथे १०० अपेक्षित होते तेथे ५० चा फरक मोठा, आणि जेथे १०,००० अपेक्षित होते तेथे तोच फरक किरकोळ. पहिल्या वर्गाची दोन घरे मिळून १३५.१७ देतात, दुसऱ्या वर्गाची १०.७९, तिसऱ्या वर्गाची १६.२३ आणि कर्मचाऱ्यांची २८.२१. एकूण काय-वर्ग १९०.४०.

ही संख्या मोठी की लहान हे ठरवण्यासाठी स्वाधीनता मात्रा हवी. बेरजा ठरलेल्या असताना चार ओळी आणि दोन स्तंभांच्या तक्त्यात फक्त तीन घरे मोकळेपणाने भरता येतात आणि उरलेली पाच आपोआप ठरतात, म्हणून स्वाधीनता मात्रा ३. येथे इतिहासातील एक गोष्ट सांगावीशी वाटते. संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांनी ही कसोटी १९०० साली मांडली, पण असे तक्ते तपासताना ते घरांच्या संख्येतून फक्त एक वजा करीत; रोनाल्ड फिशर यांनी ही चूक १९२२ साली दुरुस्त केली. म्हणजे मर्सी अहवाल प्रसिद्ध झाला त्या वर्षी एखाद्या संख्याशास्त्रज्ञाने हाच तक्ता तपासला असता, तर पिअर्सन यांच्या रीतीने त्याने ३ ऐवजी ७ ही मात्रा घेतली असती. पाच टक्के सार्थकता पातळीला (शून्य परिकल्पना खरी असताना ती चुकून नाकारण्याची शक्यता पाच टक्के ठेवून) ३ मात्रेसाठी सीमामूल्य, म्हणजे जिच्यापुढे ती परिकल्पना नाकारायची ती संख्या, ७.८१५ आणि ७ मात्रेसाठी १४.०६७ आहे. आपल्याजवळ १९०.४० आहे, त्यामुळे निर्णय दोन्ही रीतींनी तोच राहतो. शून्य परिकल्पना त्याज्य ठरते.

पण या निर्णयात किती माहिती आहे? फार थोडी. काय-वर्गाला दिशा नसते. पहिल्या वर्गातील लोक अधिक वाचले की अधिक बुडाले, हे १९०.४० या संख्येतून कळत नाही, कारण वर्ग करताना उणे-अधिक चिन्ह पुसले गेले आहे. शिवाय तीच टक्केवारी ठेवून माणसांची संख्या दुप्पट केली तर काय-वर्गही दुप्पट होतो, जरी संबंधाची घनता जराही वाढलेली नसते. म्हणून काय-वर्गाला एकूण संख्येने भागून वर्गमूळ काढावे. येथे दोनच स्तंभ असल्यामुळे क्रॅमरचा व्ही हा गुणक तेवढ्यानेच मिळतो, आणि तो ०.२९ येतो. शून्य म्हणजे संबंध नाही आणि एक म्हणजे पूर्ण संबंध, असे धरले तर हा मध्यम संबंध आहे.

त्याहून उपयोगी गोष्ट म्हणजे १९०.४० ची फोड. त्यातील ७१ टक्के वाटा एकट्या पहिल्या वर्गाचा आहे. तक्ता मुख्यतः 'पहिला वर्ग इतरांसारखा नव्हता' असे सांगतो आहे. तळाच्या दोन ओळी, तिसरा वर्ग आणि कर्मचारी, यांची प्रमाणे मात्र २५.२ आणि २४.० टक्के, म्हणजे जवळजवळ सारखी आहेत. तेव्हा पुढचा प्रश्न सहजच येतो, की या दोन गटांत एकमेकांशी तुलना केली तर काही फरक आहे का?

तेवढ्या दोन ओळींचा वेगळा तक्ता मांडला, तर १,५९१ माणसे, त्यांपैकी ३९० वाचलेली. काय-वर्ग ०.३४ येतो. एका स्वाधीनता मात्रेसाठी सीमामूल्य ३.८४१ असल्याने फरक सार्थ नाही. एखादा विद्यार्थी येथे लिहील, 'तिसऱ्या वर्गाचे प्रवासी आणि कर्मचारी यांच्या बचावात फरक नव्हता', आणि परीक्षक कदाचित त्याला पूर्ण गुण देईल. गणित बरोबर आहे, घरांतील संख्याही पुरेशा मोठ्या आहेत. तरीही ते विधान चुकीचे आहे, आणि या संपूर्ण प्रकरणातील सर्वांत महत्त्वाची जागा मला हीच वाटते.

कारण तक्त्याबाहेर एक तिसरे चल उभे आहे. बोटींत आधी स्त्रिया आणि मुले बसवण्याचा आदेश होता, त्यामुळे वाचण्याचा सर्वांत मोठा आधार लिंग हाच होता. चारही गट मिळून ४७० स्त्रिया व मुलींपैकी ३४४ वाचल्या, तर १,७३१ पुरुष व मुलग्यांपैकी ३६७. या तक्त्याचा काय-वर्ग ४५६.८७ आणि व्ही ०.४६ येतो, म्हणजे वर्गाच्या संबंधापेक्षा हा संबंध बराच घट्ट आहे. आता कर्मचाऱ्यांची रचना पाहा. ८८५ कर्मचाऱ्यांत स्त्रिया फक्त २३, म्हणजे २.६ टक्के. तिसऱ्या वर्गात मात्र ७०६ पैकी १९६ स्त्रिया व मुली, म्हणजे २७.८ टक्के. ज्या गोष्टीने जीव वाचण्याची शक्यता सर्वांत अधिक वाढत होती ती तिसऱ्या वर्गाजवळ कर्मचाऱ्यांच्या दहापट होती, आणि तरीही एकूण प्रमाण जेमतेम सारखे निघाले.

लिंगानुसार तक्ता फोडल्यावर काय होते ते पाहू. तिसऱ्या वर्गातील १९६ स्त्रिया व मुलींपैकी ९० वाचल्या, म्हणजे ४५.९ टक्के, कर्मचारी स्त्रियांपैकी २३ मधल्या २०, म्हणजे ८७.० टक्के. काय-वर्ग १३.८७. तिसऱ्या वर्गातील ५१० पुरुष व मुलग्यांपैकी ८८ वाचले, म्हणजे १७.३ टक्के, कर्मचारी पुरुषांपैकी ८६२ मधले १९२, म्हणजे २२.३ टक्के. काय-वर्ग ४.९७. दोन्ही किमती ३.८४१ च्या पुढे आहेत, आणि दोन्ही तक्त्यांत तिसरा वर्गच मागे आहे. स्त्रियांत मागे, पुरुषांत मागे, आणि दोघांची बेरीज केली की किंचित पुढे! बेरजेत दिशा उलटण्याच्या या प्रकाराला सिम्प्सनचा विरोधाभास म्हणतात. कर्मचाऱ्यांची लिंगवार प्रमाणे तशीच ठेवून त्यांच्यात स्त्री-पुरुषांचे वाटप तिसऱ्या वर्गासारखे धरले, तर त्यांचा बचाव सुमारे ४० टक्के झाला असता. २५ च्या शेजारी ठेवायची खरी संख्या ही ४० आहे, २४ नव्हे.

काय-वर्ग ०.३४ आला तेव्हा दोन चले असंबद्ध असल्याचा पुरावा मिळाला नव्हता. दोन विरुद्ध ओढींनी एकमेकींना झाकले होते. शून्य परिकल्पना नाकारताना आपण सावध असतो, तिसऱ्या चलाची शंका घेतो, पण ती टिकून राहिली की ही शंका घेण्याची सवय आपल्याला नसते. अभ्यासक्रमात 'फरक सार्थ नाही' हे उत्तर प्रश्नाचा शेवट म्हणून शिकवले जाते, याचे मला वाईट वाटते.

हीच फोड प्रवाशांच्या तिन्ही वर्गांत केली की चित्र आणखी स्पष्ट होते. प्रौढ स्त्रियांत पहिल्या वर्गातील १४४ पैकी १४०, दुसऱ्या वर्गातील ९३ पैकी ८० आणि तिसऱ्या वर्गातील १६५ पैकी ७६ वाचल्या. दोन स्वाधीनता मात्रांवर काय-वर्ग ११३.२ आणि व्ही ०.५३. संपूर्ण तक्त्यात ०.२९ वाटणारा वर्गाचा संबंध स्त्रियांपुरता पाहिला तर जवळजवळ दुप्पट घट्ट आहे. 'स्त्रिया आधी' हा नियम होता हे खरे. पण तो तिसऱ्या वर्गाच्या स्त्रीपर्यंत निम्माही पोहोचला नाही.

प्रौढ पुरुष प्रवाशांत मात्र क्रम वेगळाच आहे. पहिल्या वर्गात १७५ पैकी ५७, दुसऱ्यात १६८ पैकी १४, तिसऱ्यात ४६२ पैकी ७५. काय-वर्ग ३६.६. सर्वांत कमी बचाव मधल्या वर्गातील पुरुषांचा आहे, ८.३ टक्के, आणि दुसऱ्या व तिसऱ्या वर्गातील पुरुषांची वेगळी तुलना केली तरी काय-वर्ग ६.३४ येतो. तिकीट जितके महाग तितका जीव सुरक्षित, अशी सरळ चढण पुरुषांत नाही. पहिल्या वर्गातील पुरुषांच्या बचावामागे बोटी भरण्याच्या दोन पद्धती होत्या: जहाजाच्या डाव्या बाजूला अधिकारी लाइटोलर यांनी आदेशाचा अर्थ 'फक्त स्त्रिया आणि मुले' असा लावला, तर उजव्या बाजूला मर्डॉक यांनी जवळपास स्त्रिया नसतील तेव्हा पुरुषांनाही बसू दिले. बोटींच्या मजल्यावर आधीपासून असणाऱ्यांना याचा लाभ होणे स्वाभाविक होते. दुसऱ्या वर्गातील पुरुषांबाबत इतके निश्चित कारण तक्ता देत नाही.

मुलांच्या तक्त्याशी येऊन ही कसोटी स्वतःच अडखळते. अहवालानुसार पहिल्या वर्गातील ६ मुले आणि दुसऱ्या वर्गातील २४ मुले, सर्व वाचली. तिसऱ्या वर्गातील ७९ पैकी २७ वाचली. पहिल्या वर्गातील मृत मुलांची अपेक्षित वारंवारिता २.८६ येते. अपेक्षित वारंवारिता ५ पेक्षा कमी असेल तेथे काय-वर्गाचे कोष्टक (सीमामूल्ये देणारा तक्ता) विश्वसनीय राहत नाही, कारण ते कोष्टक मोठ्या संख्यांसाठीचा अंदाज आहे. अशा वेळी लहान संख्यांतही चालणारी फिशरची अचूक कसोटी वापरावी, किंवा अर्थाला धक्का लागत नसेल तर गट एकत्र करावेत. पहिले दोन वर्ग एकत्र केले तर ३० पैकी ३० आणि ७९ पैकी २७ असा तक्ता होतो, सर्वांत लहान अपेक्षित वारंवारिता १४.३ होते, आणि काय-वर्ग ३७.८ येतो.

याच घरात आकड्यांचीही एक चूक आहे. पहिल्या वर्गातील सर्व मुले वाचली असे अहवाल म्हणतो, पण त्या वर्गातील दोन वर्षांची एक मुलगी आईवडिलांसह बुडाली हे नंतर निश्चित झाले. नंतरच्या संशोधकांच्या याद्यांत एकूण संख्याही थोड्या वेगळ्या आहेत. एका माणसाने १९०.४० हलणार नाही. परंतु ६ च्या घरात एक माणूस म्हणजे सहावा हिस्सा असतो, हे लहान घरे वाचताना विसरू नये.

आणखी एका अटीबद्दल लिहिणे आवश्यक आहे, कारण पाठ्यपुस्तकांत ती एका ओळीत उरकली जाते. काय-वर्ग कसोटी धरून चालते की प्रत्येक माणसाचा निकाल इतरांच्या निकालापासून स्वतंत्र आहे. टायटॅनिकवर तसे नव्हते. आई बोटीत बसली तर मुले तिच्याबरोबर बसली. कुटुंबे एकत्र वाचली किंवा एकत्र बुडाली. त्यामुळे खऱ्या अर्थाने स्वतंत्र अशा निकालांची संख्या २,२०१ पेक्षा कमी होती, आणि कोष्टकातून मिळणारे पी-मूल्य (आंधळ्या वाटपात असा किंवा याहून टोकाचा तक्ता निघण्याची शक्यता) असायला हवे त्याहून लहान दिसते. १९०.४० किंवा ११३.२ यांच्या बाबतीत याने निर्णय फिरणार नाही. पुरुष कर्मचारी आणि तिसऱ्या वर्गातील पुरुष यांच्यातील ४.९७ मात्र सीमेच्या जवळ आहे, आणि त्या एकट्यावर मी फार भार टाकणार नाही. तसेच हा कोणत्या मोठ्या समष्टीतून काढलेला नमुना नाही. जहाजावरील सर्वच माणसे तक्त्यात आहेत. म्हणून येथे पी-मूल्याचा अर्थ 'इतर जहाजांवरही असेच असेल' असा लावता येत नाही. तो फक्त चिठ्ठ्यांच्या पेटीपुरता आहे: डोळे मिटून वाटप झाले असते तर असा किंवा याहून टोकाचा तक्ता निघण्याची शक्यता किती.

डोळे मिटून वाटप झाले नव्हते, एवढे निश्चित. ते कसे झाले याचे उत्तर मर्सी अहवालाने दिले आहे. तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशांना अन्यायाने वागवले गेले नाही, असा त्याचा निष्कर्ष आहे. त्यांचे प्रमाण कमी का, याची कारणे म्हणून जहाज सोडण्याची त्यांची अनिच्छा, सामान सोडून जाण्याची नाराजी, आणि जहाजाच्या दोन टोकांना असलेल्या त्यांच्या जागांतून वर येण्याची अडचण ही सांगितली आहेत. काय-वर्ग कसोटी यांपैकी कोणतेही कारण खरे किंवा खोटे ठरवू शकत नाही. प्रत्येक कारणातून हाच तक्ता निघाला असता. त्यासाठी साक्षी हव्या होत्या, आणि या चौकशीत तिसऱ्या वर्गाच्या एकाही प्रवाशाची साक्ष घेतली गेली नाही.

तक्त्यातून मोजता येते ते असे. टायटॅनिकवर २० बोटी होत्या आणि त्यांत १,१७८ माणसांची सोय होती. जहाजावर प्रौढ स्त्रिया ४२५ आणि मुले १०९, मिळून ५३४ होती, म्हणजे प्रत्येक स्त्री आणि प्रत्येक मूल बसल्यानंतरही निम्म्याहून अधिक जागा उरली असती. अहवालाच्या आकड्यांनुसार त्यांपैकी १०९ स्त्रिया आणि ५२ मुले बुडाली. या १६१ जणांपैकी १४१ तिसऱ्या वर्गातील होती.